नांदेड बरोबर, लातूर चूक

पायथनमध्ये अक्षराचा आकडा काढायला एक ओळ पुरते. ऑर्ड नावाच्या फंक्शनला ‘क’ दिला की ते २३२५ हा आकडा परत देतं. नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला मग साहजिकच वाटतं की यातून २३२४ वजा केले की क म्हणजे १, ख म्हणजे २, ग म्हणजे ३ आणि काम फत्ते. तो नांदेड या नावातली व्यंजनं घालून पाहतो. न चे २०, द चे १८, ड चे १३. बोटांवर मोजलं तरी हेच येतं. मग लातूर घालतो. त चे १६ बरोबर. पण ल चे ३० येतात आणि र चे २८. वर्णमालेत ल अठ्ठाविसावा आहे आणि र सत्ताविसावा. एकाच प्रोग्रॅमने नांदेडला पास केलं आणि लातूरला नापास.

प्रोग्रॅम बंद पडला नाही, लाल अक्षरांत एरर आली नाही. दोन गावांपैकी एकाचं उत्तर चुकलं, एवढंच. शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला धडा शोधून सापडणार नाही. पण तिथे पोहोचण्याआधी याच प्रोग्रॅमच्या रोमन अवताराकडे पाहायला हवं, कारण बहुतेकांची सुरुवात तिथून होते.

त्याहीआधी चुकीच्या उत्तराकडे पाहण्याच्या सवयीबद्दल थोडं. लातूरच्या ट्यूशन एरियात रोज हजारो मुलं उत्तरपत्रिका तपासत असतात. नीटच्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकलेल्याला एक वजा होतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावं लागतं. चुकीचं उत्तर ही तिथे टाळायची गोष्ट असते. अकरावी-बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या मुलाला संगणकासमोर बसल्यावर उलटी सवय लावून घ्यावी लागते. इथे चुकीच्या उत्तरापाशीच थांबायचं असतं. ते किती चुकलं, कोणत्या अक्षराला चुकलं आणि तेवढंच का चुकलं, हे विचारायचं असतं. परीक्षेच्या कसून सरावाच्या या ‘लातूर पॅटर्न’मध्ये वाढलेल्या चिकाटीच्या मुलांना हे जमायला हरकत नाही, फक्त ते कुणीतरी सांगायला हवं.

आता तो रोमन लिपीतला प्रोग्रॅम. तो असा असतो: ए म्हणजे १, बी म्हणजे २, झेड म्हणजे २६, आणि दिलेल्या शब्दातल्या अक्षरांची बेरीज करायची. लातूरची स्पेलिंग एल, ए, टी, यू, आर. म्हणजे १२, १, २०, २१ आणि १८. बेरीज ७२. हे उत्तर आधी कागदावर काढून ठेवणं फार महत्त्वाचं. अपेक्षित उत्तर माहीत नसेल तर संगणक जे दाखवेल ते खरं मानण्यावाचून गत्यंतर नसतं.

पहिल्यांदा रन केल्यावर ७२ ऐवजी ६७ येतात. पाचचा फरक आणि शब्दात अक्षरंही पाचच. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक कमी पडतोय. १९६३ साली ठरलेल्या ॲस्की या अमेरिकी तक्त्यात मोठ्या ए चा क्रमांक ६५ आहे. विद्यार्थ्याने ‘ए पासून किती अंतर’ काढलं, आणि ए चं स्वतःपासूनचं अंतर शून्य असतं. म्हणून ए ला शून्य मिळाला. ६५ ऐवजी ६४ वजा केले की उत्तर ताळ्यावर येतं. ही चूक शोधायला लातूर हा शब्दसुद्धा लागत नाही. एकटा ए घालून पाहिला असता तर पहिल्याच फटक्यात शून्य दिसलं असतं. अनुभवी माणूस आधी सगळ्यात लहान इनपुट देतो ते यासाठीच.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. बेरजेचा डबा, म्हणजे टोटल, शून्य करण्याची ओळ लूपच्या आत राहून गेली तर प्रत्येक फेरीत आधीची बेरीज पुसली जाते आणि शेवटच्या अक्षराचे गुण तेवढे उरतात. लातूरचं उत्तर येतं १८. एवढंच पाहिलं तर काही सुचत नाही. मग सोलापूर घाला, १८. कोल्हापूर, १८. नागपूर, १८. चंद्रपूरही १८. महाराष्ट्रातली निम्मी गावं एका माळेत बसल्यासारखी दिसू लागली की चूक आपोआप उघडी पडते: सगळ्यांच्या शेवटी आर आहे. एकाच उदाहरणात जे लपलेलं असतं ते चार उदाहरणं शेजारी ठेवली की दिसतं. नांदेडचं उत्तर मात्र ४ येतं, कारण शेवटचं अक्षर डी.

तिसरी चूक गोल आकड्यात लपते. आता टोटल लूपच्या बाहेर आहे, ६४ वजा होत आहेत, आणि कुणीतरी पहिलं अक्षर मोठं व बाकीची लहान अशी स्पेलिंग टाइप करतं. उत्तर २००. असा सुबक आकडा आला की तो बरोबरच असणार असं मनाला वाटतं. प्रत्यक्षात लहान अक्षरांची रांग ॲस्कीत ९७ पासून सुरू होते, मोठ्यांपेक्षा ३२ ने पुढे. म्हणून ए ला ३३, टी ला ५२, यू ला ५३ आणि आर ला ५० मिळतात. एल चे १२ धरून बरोबर दोनशे. चार लहान अक्षरांमागे ३२ प्रमाणे १२८ जादा, आणि २०० मधून १२८ गेले की ७२. चुकीच्या आकड्याचीही अशी वजाबाकी करून पाहावी. जादा रक्कम नेमकी किती, यावरून चोर बहुतेक वेळा सापडतो.

याच प्रोग्रॅमला लातूरच्या गाडीची सुरुवातीची पाटी दिली, एमएच २४, तर उत्तर येतं उणे ३७. एम चे १३ आणि एच चे ८ ठीक आहेत. पण मधल्या मोकळ्या जागेलाही ॲस्कीत क्रमांक आहे, ३२. त्यातून ६४ गेले की उणे ३२ राहतात. २ या अंकचिन्हाचा क्रमांक ५०, ४ चा ५२. त्यांचे उणे १४ आणि उणे १२. स्क्रीनवर दिसणारा ‘२’ हा संगणकाच्या लेखी दोन नसून ५० क्रमांकाचं चिन्ह आहे, ही गोष्ट या एका पाटीवरून कायमची लक्षात राहते. अशा वेळी करायचं काय, तर लूपच्या आत प्रत्येक फेरीला अक्षर, त्याचा क्रमांक आणि तोपर्यंतची बेरीज प्रिंट करायची. ‘प्रिंट मारून बघ’ हा सल्ला जुना आहे, आजही कामाचा आहे, आणि तो मानणारी मुलं अर्ध्या वेळात उठतात.

आता देवनागरीकडे. इथे पहिला प्रश्नच वेगळा आहे: लातूर या शब्दात अक्षरं किती? माणूस म्हणेल तीन: ला, तू, र. पायथन म्हणतं पाच, कारण त्याच्याकडे ल, काना, त, दीर्घ उकार आणि र अशी वेगवेगळी चिन्हं साठवलेली आहेत. त्यांचे क्रमांक २३५४, २३६६, २३४०, २३७० आणि २३५२. हाच शब्द सी प्लस प्लसमध्ये साध्या कॅरेक्टरच्या रांगेत ठेवला आणि लांबी विचारली तर उत्तर १५. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. एकट्या ल चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४ आणि १७८. त्यात भर म्हणजे नेहमीच्या संगणकांवर सी प्लस प्लसचा साधा कॅरेक्टर उणे १२८ ते १२७ एवढेच आकडे धरतो. त्यामुळे स्क्रीनवर येतात उणे ३२, उणे ९२ आणि उणे ७८. तीन, पाच आणि पंधरा ही तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत. आपण काय मोजतोय हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलं नव्हतं, गोंधळ तिथे झाला.

म्हणून आपला विद्यार्थी पायथनमध्ये राहतो आणि पूर्ण नांदेड घालून प्रत्येक चिन्हाचा आकडा छापतो. न २०, काना ४२, अनुस्वार उणे १८, द १८, मात्रा ५१, ड १३. एकूण १२६. अनुस्वाराचे उणे १८ आणि द चे १८ एकमेकांना खाऊन टाकतात. नुसती बेरीज पाहणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. औसा घातलं तर औ ला शून्य मिळतं, कारण औ चा क्रमांक नेमका २३२४ आहे. उदगीरचा उ उणे ११. स्वर, काना-मात्रा आणि अनुस्वार मोजायचे की नाहीत, हा निर्णय इथे घ्यावाच लागतो. समजा ठरवलं, फक्त व्यंजनं. तरी लातूर चुकतंच.

का चुकतं, हे पाहायला क पासून ह पर्यंतचे क्रमांक ओळीने छापायचे. क वर्ग २३२५ ते २३२९. च वर्ग त्यापुढचे पाच, ट वर्ग त्यापुढचे पाच. त पासून न पर्यंत २३४० ते २३४४. इथवर शाळेतली वर्णमाला आणि संगणकाचा तक्ता हातात हात घालून चालतात. पुढचा २३४५ हा क्रमांक प चा असायला हवा होता, पण प २३४६ वर आहे. मधल्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलंय: ऩ, म्हणजे खाली टिंब असलेला न. पुढे र २३५२ वर आणि ल २३५४ वर. त्यांच्या मधे बसलाय ऱ. नांदेडमधली तिन्ही व्यंजनं न च्या अलीकडची किंवा न हेच, म्हणून ते गाव सुखरूप सुटलं. लातूरमधला र पहिल्या पाहुण्याच्या पुढचा आणि ल दोघांच्याही पुढचा, म्हणून एकाला एक गुण जादा आणि दुसऱ्याला दोन. परभणीची गत लातूरसारखीच: प, र आणि भ प्रत्येकी एकाने चुकतात, ण तेवढा बरोबर येतो.

हे पाहुणे आले कुठून? १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिपी संगणकावर आणण्याचं जिस्ट नावाचं काम उभं राहिलं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आलं. त्यातून घडलेली इस्की ही संकेतपद्धती १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक म्हणून जाहीर झाली. तिची कल्पना मोठी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांसाठी तक्ता एकच, म्हणजे देवनागरीतला क आणि तमिळमधला क एकाच जागी. पण तमिळमध्ये दुसरा एक न आहे, वेगळा र आहे, वेगळा ळ आहे. त्यांना जागा द्यायची तर ती प्रत्येक लिपीत राखून ठेवावी लागली, आणि देवनागरीत तिथे ऩ, ऱ आणि ऴ आले. पायथन ज्या तक्त्यातून हे क्रमांक देतं त्या युनिकोडने १९९१ मध्ये आपली पहिली आवृत्ती काढली तेव्हा इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीतली हीच मांडणी जशीच्या तशी उचलली.

त्या कल्पनेचं फळ नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर चटकन पटतं. देगलूर आणि बिलोलीच्या पलीकडे तेलंगणा सुरू होतो. लातूर या शब्दातल्या पाचही क्रमांकांत ७६८ मिळवले की स्क्रीनवर तीच पाच चिन्हं तेलुगू लिपीत उमटतात. ८९६ मिळवले तर उदगीर-निलंग्यापलीकडची कन्नड लिपी येते. आकड्यांच्या एका बेरजेने लिपी बदलावी हे इतकं सोपं झालं ते त्या समान तक्त्यामुळे. लातूरचे तीन गुण चुकले ही त्याची किंमत, आणि ती फार नाही.

चूक सापडल्यावर पहिला मोह ठिगळ लावण्याचा होतो. प किंवा त्यापुढचं अक्षर असेल तर एक वजा कर, ल पासून आणखी एक. लातूर बरोबर येतं. विद्यार्थी खूश. मग उदगीर तालुक्यातल्या, जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या हाळीचं नाव घातलं की सगळं पुन्हा बिघडतं. मराठी वर्णमालेत ळ सगळ्यांत शेवटी, ह च्या नंतर, चौतिसावा. तक्त्यात तो ल च्या शेजारी, ह च्या सहा घरं आधी. कितीही वजाबाक्या केल्या तरी मागे बसलेला ळ पुढे येत नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण वर्णमाला ठरवून दिली, तिच्यातही ळ ह नंतरच येतो. त्याच निर्णयाने ल पाकळीयुक्त लिहावा असंही सांगितलं. हिंदीतला दंडाचा ल आणि मराठीतला पाकळीचा ल वेगळे दिसले तरी संगणकात दोन्हींचा क्रमांक २३५४ हाच, हेही इथे नोंदवायला हवं. वळण फॉन्ट ठरवतो, क्रमांक नाही.

खरी दुरुस्ती ठिगळाहून सोपी आहे. क पासून ह पर्यंत आणि शेवटी ळ अशी चौतीस व्यंजनं आपल्या क्रमाने एका ओळीत लिहायची आणि अक्षर त्या ओळीत कितवं आहे ते विचारायचं. वजाबाकीची गरजच उरत नाही. संगणकाच्या तक्त्यातला क्रम हा ओळखक्रमांक आहे. तो आपला वर्णक्रम असेलच असं कुणी कधी वचन दिलं नव्हतं.

अक्षरांना आकडे देण्याचा हा उद्योग संगणकाच्या फार आधीचा आहे, आणि जुन्या लोकांनी तक्ते नीट विचार करून बांधले होते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात क ते म यांना १ ते २५ दिले, पण य ला २६ न देता ३० दिला. पुढे र ४०, ल ५०, असं करत ह १००. स्वरांवर शंभराचे घात टांगले. म्हणजे म आणि य यांच्यामधली उडी त्याने जाणूनबुजून घेतली होती. दक्षिणेत रुजलेल्या कटपयादी पद्धतीत क, ट, प, य या चौघांनाही १ मिळतो आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. तिथे ल ३, त ६, र २, म्हणून लातूर म्हणजे २६३. नांदेडचे न ०, द ८, ड ३, म्हणजे ३८०. कर्नाटक संगीतात मेळकर्ता रागाचा क्रमांक आजही असाच त्याच्या नावातून काढतात. मायामालवगौळमधल्या पहिल्या दोन अक्षरांचे ५ आणि १ उलटे वाचून होतात १५.

मराठवाड्याला आणखी एक पद्धत जवळची आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. अरबी-फारसी-उर्दूत चालणाऱ्या अबजद पद्धतीत अलिफ १, लाम ३०, रे २००, ते ४००, वाव ६. उर्दूत लिहिलेल्या लातूरची बेरीज ६३७ होते. अनेक वाहनांच्या पाट्यांवर दिसणारा ७८६ हा आकडा याच बेरजेतून आला आहे, बिस्मिल्लाहच्या पूर्ण वाक्याची ती किंमत. एकाच गावाचे ७२, २६३ आणि ६३७ असे तीन आकडे निघतात, कारण नियम तीन आहेत. प्रोग्रॅमला ‘अक्षराचा आकडा सांग’ एवढंच सांगणाऱ्याने यांपैकी एकही नियम सांगितलेला नसतो.

त्या ऱ कडे मात्र परत जायला हवं. द्रविड भाषांसाठी आलेला हा पाहुणा मराठीत घरचा झाला आहे. सूर्य मधला र डोक्यावर रफार होऊन बसतो, पण शेतकऱ्यांना, दऱ्या, पुढाऱ्यांचं या शब्दांत तो आडव्या वळणाने य ला चिकटतो. संगणकात हे आडवं वळण दोन तऱ्हेने साठवता येतं. एका तऱ्हेत २३५३ क्रमांकाचा ऱ, मग २३८१ क्रमांकाचा हलंत, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलंत, मग ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. एका कर्मचाऱ्याने एका तऱ्हेने टाइप केलेल्या यादीत दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोध घेतला तर नाव डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. आणि कुणी ‘दिसत नाही ते चिन्ह कचरा’ समजून ८२०५ पुसून टाकलं तर आचाऱ्यांना दिलेलं आमंत्रण आचार्यांना जातं.

आपल्या चौतीस व्यंजनांच्या ओळीलाही हा फटका बसतो. पायथनच्या फाइंड या फंक्शनला एखादं अक्षर ओळीत सापडलं नाही तर ते उणे १ देतं. त्यात नेहमीप्रमाणे एक मिळवला की शून्य. काना-मात्रांना शून्य मिळतं ते सोयीचं ठरतं, पण शेतकऱ्यांना या शब्दातल्या ऱ लाही शून्य मिळतं आणि २७ गुणांचा र चुपचाप गळतो. तोच शब्द अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला असेल तर र मोजला जातो. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी दोन्ही तऱ्हा एका रूपात आणून घ्याव्यात: जोडचिन्हाची तऱ्हा दिसली की ती ऱ आणि हलंत यांच्या तऱ्हेने बदलायची, आणि गुण देताना ऱ ला र चेच गुण द्यायचे. दोन ओळींचं काम आहे.

लातूर-नांदेडच्या शाळा-कॉलेजांत जे शिक्षक पायथन किंवा सी प्लस प्लस शिकवतात, त्यांना एक विनंती. अक्षरांचे आकडे काढण्याचा हा स्वाध्याय देताना मुलांना फक्त रोमन ए ते झेड देऊ नका. नांदेड, लातूर, औसा, उदगीर, हाळी आणि शेतकऱ्यांना हे सहा शब्द फळ्यावर लिहा, प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर मुलांकडून आधी वहीत काढून घ्या आणि मगच रन करायला सांगा. देवनागरीतले बहुतेक खाचखळगे या सहा शब्दांत येऊन जातात.